यकृत बिघडलं की चाचणी? गुरांच्या क्लिअरन्स टेस्टमध्ये या चुका टाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो. दोन-तीन दिवस पाणी सोडलेली, डोळे आत गेलेली गाय समोर असते, तिला बीएसपी रंग टोचला जातो आणि कागदावर शेरा पडतो: 'यकृत निकामी'. इथेच पहिली आणि सर्वात महागडी चूक झालेली असते.

क्लिअरन्स टेस्ट म्हणजे एखादा पदार्थ टोचून तो रक्तातून किती वेगाने निघून जातो हे मोजणं. बीएसपी म्हणजे ब्रोमसल्फॅलीन, अशा चाचणीतला एक रंग. यकृत तो रक्तातून उचलतं आणि पित्तातून बाहेर टाकतं. निरोगी मोठ्या गाईच्या रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण तीन-चार मिनिटांत निम्मं होतं. पण यकृताकडे रक्तच कमी पोचत असेल, तर ते उचलणार काय? आधी सलाईन द्या, जनावर सावरू द्या, मग चाचणी करा.

उलटा घोटाळाही होतो. लिव्हर फ्लूकने (यकृतातल्या चपट्या कृमींनी) पोखरलेल्या, जबड्याखाली पाणी उतरलेल्या जनावरात अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन घटलेलं असतं. हा रंग अल्ब्युमिनला धरूनच रक्तात फिरतो. धरायला कोणी नसलं की तो लवकर निघून जातो आणि आजारी यकृत कागदावर धडधाकट दिसतं. सातपुड्याच्या पायथ्याला घाणेरीचं विषारी झुडूप खाऊन डोळे पिवळेजर्द झालेल्या गुराची तर ही चाचणी करूच नये असं माझं मत आहे. डोळे पिवळे करणारं बिलिरुबिन आणि बीएसपी पित्ताच्या एकाच वाटेने जातात. वाट तुंबलीय हे डोळेच सांगत असताना रंग वाया का घालवायचा?

आता घड्याळ. रंग टोचल्यावर रक्त पाचव्या आणि नवव्या मिनिटाला घ्यायचं ठरलं, पण गाय हिसडली आणि दुसरा नमुना अकराव्या मिनिटाला निघाला. बाटलीवर मात्र आधीच '९' लिहिलेलं! यकृत खरंच मंद असेल, निम्मं व्हायला ५ मिनिटं लागत असतील, तरी सहा मिनिटांतली घट चार मिनिटांतली धरल्याने हिशेबात ३.३ मिनिटं येतात आणि गाय 'नॉर्मल' ठरते. नमुना उशिरा निघाला तरी बिघडत नाही, खरी वेळ लिहा. शिवाय आलेखावर दोन नमुन्यांच्या दोन ठिपक्यांतून सरळ रेष कायमच निघते, चूक कुठे झाली ते तिच्यात दिसत नाही. तीन-चार नमुने घ्या.

ज्या शिरेतून औषध दिलं तिथूनच रक्त काढू नका. सुईत राहिलेला थेंबही आकडा फुगवतो. मानेच्या एका बाजूला टोचा, दुसऱ्या बाजूने रक्त घ्या. बीएसपी शिरेबाहेर सांडला तर तिथलं मांस सडू शकतं, म्हणून सुई पक्की बसल्याशिवाय पिस्टन दाबू नका. नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या असतील तर तो नमुना फेकून द्या. त्याचा लाल रंग बीएसपीच्या वाचनात मिसळतो.

वजनाबाबत एक बारीक गोष्ट सहज सुटते. अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ, काढताना वजन चुकलं तरी फारसं अडत नाही. पण मूत्रपिंड तपासायला आयोहेक्सॉल (मूत्रपिंडावाटे बाहेर पडणारा पदार्थ) देऊन दर किलोमागे क्लिअरन्स, म्हणजे ठरावीक वेळात किती रक्त साफ होतं ते, काढता, तेव्हा बाजारातला नजरेचा अंदाज चालत नाही. काटा नसेल तर छातीचा घेर इंचात मोजा, त्याचा वर्ग करा, शरीराच्या इंचातल्या लांबीने गुणा आणि ६६० ने भागा. किलोत वजन मिळतं. अर्धायुष्य म्हणजे क्लिअरन्स नव्हे हेही लक्षात असू द्या. औषध शरीरात किती जागेत पसरलं यावरही अर्धायुष्य ठरतं.

चाचणी प्रश्नाप्रमाणे निवडा. कॅफिन किंवा अँटिपायरिन (तापावरचं एक औषध) टोचून केलेली चाचणी यकृतातल्या औषधं मोडणाऱ्या एन्झाइमांचा वेग दाखवते, पित्ताच्या वाटेबद्दल ती फारसं बोलत नाही. नवजात वासरात हे एन्झाइम तयार व्हायचे असतात, म्हणून त्याच्या आकड्याची तुलना गाईशी करू नका. यातलं काहीही तोंडावाटे पाजू नका, पोटातल्या चाऱ्यात ते किती वेळ अडकेल याचा हिशेब लागत नाही.

आकडा नॉर्मल आला म्हणून निर्धास्तही राहू नका. यकृताची राखीव ताकद मोठी असते, बरंच नुकसान होईपर्यंत बीएसपी गप्प राहू शकतो. जीजीटी (रक्तात मोजलं जाणारं यकृताचं एक एन्झाइम), अल्ब्युमिन आणि जनावराची तपासणी शेजारी ठेवूनच वाचा.

आणि चाचणीच्या दिवसाचं दूध डेअरीच्या कॅनमध्ये ओतू नये, हे गोठ्यातल्या माणसाला सुई टोचण्याआधीच सांगा. नंतर सांगितलं तर तोवर कॅन गेलेला असतो.