तरफ ओळखायची तर मधोमध काय आहे ते बघा
तरफांचे तीन प्रकार घोकत बसू नका. ‘टेभाब’ एवढंच लक्षात ठेवा: मध्ये टेकू (ज्या बिंदूभोवती तरफ फिरते तो) असेल तर पहिला प्रकार (कात्री), भार असेल तर दुसरा (एकचाकी हातगाडी), बल असेल तर तिसरा (चिमटा). शब्द विचित्र आहे, म्हणूनच डोक्यात राहतो. गणितात मात्र दोन्ही भुजा, म्हणजे भारापर्यंतचं आणि बलापर्यंतचं अंतर, टेकूपासूनच मोजा. घोळ तिथेच होतो. भार ६० न्यूटन, भारभुजा २० सेंटिमीटर, बलभुजा ६० सेंटिमीटर असेल, तर २० न्यूटन बल पुरतं. पण हात तिप्पट अंतर हलवावा लागतो, म्हणजे घर्षण सोडलं तर कार्य (बल गुणिले अंतर) तेवढंच. चिमट्यात उलटं: बल भारापेक्षा जास्त लागतं, पण टोक बोटांपेक्षा जास्त सरकतं.