एक्सपान्शन घ्यायचं की नाही, हे कसं ठरवायचं

एक्सपान्शन म्हणजे मूळ गेमला जोडून नंतर वेगळा विकत मिळणारा मोठा भाग. ते घेण्याआधी मूळ गेम किती खेळलाय ते बघा. अर्धवट सोडला असेल तर एक्सपान्शनला हातच लावू नका, कारण बऱ्याचदा ते शेवटाकडेच उघडतं. एल्डन रिंग या गेमचं शॅडो ऑफ द अर्डट्री (२०२४) हे एक्सपान्शन घेतलंत तरी राडान आणि मोग या मूळ गेममधल्या दोन मोठ्या शत्रूंना हरवल्याशिवाय आत जाताच येत नाही, म्हणजे पैसे भरून बसून राहायचं.

मग आत काय आहे ते बघा. नुसते कपडे, तलवारींचे रंग असतील तर सोडून द्या. नवी जागा, नवी माणसं, नवी गोष्ट हवी. माझ्यासाठी माप म्हणजे विचर ३ या गेमची दोन एक्सपान्शन्स. हार्ट्स ऑफ स्टोनमध्ये (२०१५) एका मेलेल्या माणसाचं भूत गेमचा नायक गेराल्ट याच्या अंगात शिरतं आणि त्याला घेऊन लग्नात जाऊन नाचतं, एरवी गंभीर असणारा गेराल्ट तिथे चक्क मजा करतो, असं मूळ गेममध्ये कुठेच नाही! ब्लड अँड वाइनमध्ये (२०१६) तर तूसाँ हा अख्खा नवा प्रदेश, वर स्वतःचा द्राक्षमळा.

घाई नसेल तर सेलची वाट बघा. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातून घेतलंत, १४ दिवसांत परत मागितलंत आणि घेतल्यापासून मूळ गेम २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर सहसा रिफंड मिळतो.