युद्धकाळातील आघाड्या आणि राष्ट्रहित : समजून घेताना या चुका टाळा

युद्ध पेटले की कोणता देश कोणाच्या बाजूने उभा राहिला यावर पुष्कळ लिहिले जाते, आणि त्यातील बरेचसे लिखाण ‘शेवटी प्रत्येक देश आपला स्वार्थ पाहतो’ या वाक्यापाशी येऊन थांबते. वाक्य खोटे नाही. पण त्याने फारसे काही उलगडत नाही, कारण त्याच एका वाक्याने इटलीचे १९१४ मधील तटस्थ राहणेही समजावता येते आणि १९१५ मधील युद्धात उतरणेही. या विषयावरचे निबंध तपासताना ज्या चुका वारंवार दिसतात, त्या पुढे मांडल्या आहेत. त्यांतली पहिली इतरांपेक्षा बरीच जास्त आढळते.

कराराचे नाव वाचायचे, कलमे वाचायची नाहीत

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि ३ तारखेला ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. १७ तारखेला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून त्याच पोलंडमध्ये शिरल्या, तेव्हा मात्र ब्रिटनने सोव्हिएत संघाविरुद्ध युद्ध पुकारले नाही. यावर ‘ब्रिटनने शब्द मोडला’ असा शेरा हमखास मारला जातो. २५ ऑगस्टचा ब्रिटन-पोलंड करार प्रत्यक्ष पाहिला, तर मुख्य मजकुरात ‘युरोपीय सत्तेने’ आक्रमण केल्यास मदतीचे वचन आहे. पण सोबतच्या गुप्त पुरवणीत ‘युरोपीय सत्ता’ म्हणजे जर्मनी, असा खुलासा आहे, आणि अन्य युरोपीय सत्तेचे संकट आल्यास दोन्ही सरकारांनी सल्लामसलत करावी, एवढेच म्हटले आहे. एकाच वेळी दोन महासत्तांशी लढण्याची वेळ येऊ नये, हे आपले हित लंडनने करार करतानाच एका व्याख्येत सुरक्षित करून ठेवले होते. पोलंडच्या जनतेला त्याचा काय उपयोग, हा प्रश्न रास्तच आहे, परंतु तो वचनभंगाचा प्रश्न नव्हे.

असेच आग्नेय आशियाच्या संरक्षणासाठी झालेल्या १९५४ च्या ‘सीटो’ कराराचे. पाकिस्तान त्याचा सदस्य होता, पण अमेरिकेने सही करतानाच नोंद केली होती की आपल्यापुरते आक्रमण म्हणजे कम्युनिस्ट आक्रमण. भारताबरोबरच्या १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत हा करार पाकिस्तानच्या कामी का आला नाही, याचा मोठा भाग त्या नोंदीत आहे. ‘नाटो’च्या पाचव्या कलमातले ‘एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा हल्ला’ हे अर्धे वाक्य सर्वांना पाठ असते. मदत म्हणून प्रत्येक सदस्याने ‘त्याला आवश्यक वाटेल ती’ कृती करावी, हा पुढचा भाग क्वचितच कोणी वाचलेला असतो.

म्हणून कोणताही करार हाती आला की हल्ला कोणाकडून, कोणत्या प्रदेशात, आधी वार कोणी केल्यास आणि मदत पुरेशी की नाही हे ठरवणार कोण, या चार गोष्टी त्यात शोधाव्यात. सही करणाऱ्यांनी आपापले हित बहुधा तिथेच ठेवलेले असते.

देशाला एकच मन असते असे धरून चालणे

‘इटलीने आपले हित पाहिले’ असे लिहिणाऱ्याने १९१५ चा मे महिना नीट पाहिलेला नसतो. जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्याशी इटलीचा १८८२ पासून मैत्री करार होता. १९१४ मध्ये तो बचावात्मक असल्याचे आणि सर्बियावर चाल ऑस्ट्रियानेच केल्याचे कारण देऊन इटली तटस्थ राहिली. पंतप्रधान सालान्द्रा यांनी त्या ऑक्टोबरात ‘पवित्र स्वार्थ’ हा शब्दप्रयोग केला (इतके उघड बोलणारे राजकारणी विरळाच) आणि पुढे दोन्ही बाजूंशी घासाघीस चालू राहिली. इटलीला हवे असलेले प्रदेश मुख्यतः ऑस्ट्रियाच्याच ताब्यात होते, त्यामुळे ते द्यायला ऑस्ट्रिया कचरत होती आणि दुसऱ्याच्या जमिनीचे वचन द्यायला ब्रिटन, फ्रान्स व रशिया यांना काहीच जड नव्हते. २६ एप्रिल १९१५ रोजी लंडनमध्ये गुप्त करार झाला, त्यात त्रेन्तिनो, दक्षिण टायरॉल, त्रिएस्ते, इस्त्रिया आणि डाल्मेशियाचा उत्तर भाग इटलीला देऊ केला गेला. जुना करार इटलीने ४ मे रोजी सोडला; म्हणजे आठवडाभर हा देश कागदोपत्री दोन्ही बाजूंचा मित्र होता.

या कराराची संसदेला कल्पना नव्हती. युद्धाला विरोध असलेले माजी पंतप्रधान जोलित्ती मे महिन्यात रोमला आले, तेव्हा सुमारे ३०० खासदारांनी पाठिंब्याची खूण म्हणून त्यांच्या घरी आपली भेटकार्डे ठेवली. संसदेचा कल याहून स्पष्ट कसा दिसणार? सालान्द्रांनी राजीनामा दिला, पण राजाने तो स्वीकारला नाही, रस्त्यांवर युद्धाच्या बाजूने निदर्शने झाली, संसदेने मान तुकवली आणि २३ मे रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारले गेले. चार वर्षांनी पॅरिसच्या शांतता परिषदेत पंतप्रधान ओर्लान्दो ज्या फ्यूमे शहरासाठी रुसून निघून गेले, ते शहर लंडनच्या करारात इटलीला दिलेलेच नव्हते.

तटस्थता हे इटलीचे हित होते की युद्ध? जोलित्तींच्या हिशेबात पहिले, सालान्द्रा आणि परराष्ट्रमंत्री सोन्निनो यांच्या हिशेबात दुसरे. तेव्हा ‘देशाने ठरवले’ असे लिहिण्याआधी ते कोणत्या दालनात ठरले आणि कोणाला विचारले गेले नाही, हे शोधावे.

जे घडले तेच हित होते, असे मागाहून ठरवणे

ही चूक तर्काची आहे आणि चांगल्या अभ्यासकांकडूनही होते. देशाने अमुक केले, म्हणून ते त्याचे हित. आणि ते त्याचे हित होते, म्हणून त्याने तसे केले. या चक्रात कोणताही निर्णय बसतो. जर्मनी, इटली आणि जपान यांच्यातील सप्टेंबर १९४० च्या बर्लिन करारानुसार जपानवर एखाद्या नव्या सत्तेने हल्ला केला, तरच जर्मनी मदतीस बांधील होता. पर्ल हार्बर या अमेरिकी नाविक तळावर ७ डिसेंबर १९४१ रोजी हल्ला केला तो जपानने. म्हणजे जर्मनीवर कसलेही बंधन नव्हते, आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी अमेरिकी संसदेकडे युद्धाची घोषणा मागितली तीही फक्त जपानविरुद्ध. तरीही हिटलरने ११ डिसेंबरला अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारले. अमेरिका पॅसिफिकमध्ये गुंतून पडेल आणि अटलांटिकमध्ये पाणबुड्यांना मोकळे रान मिळेल, हा त्यामागचा हिशेब होता आणि तो फसला. ‘हित’ आणि ‘हित वाटले ते’ यांत फरक करायचा, तर त्या दिवशी समोर दुसरा कोणता मार्ग होता आणि तो का सोडला, याचे उत्तर लिहिता आले पाहिजे.

शत्रूचा शत्रू तो मित्र, हे सूत्र सगळीकडे लावणे

कौटिल्याच्या नावावर हे सूत्र सर्रास खपवले जाते. त्याच्या ‘अर्थशास्त्र’ या ग्रंथात परराष्ट्रनीतीचे जे सहा ‘गुण’ (मार्ग) सांगितले आहेत, त्यांपैकी ‘द्वैधीभाव’, म्हणजे एकाशी संधी (तह) आणि दुसऱ्याशी विग्रह (वैर), मात्र विसरला जातो. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघ आणि जपान यांच्यात एप्रिल १९४१ चा तटस्थता करार होता. त्यामुळे अमेरिका जपानशी लढत असतानाही तिच्या पश्चिम किनाऱ्यावर भरलेली आणि सोव्हिएत झेंडा लावलेली जहाजे जपानच्या डोळ्यांदेखत व्लादिवोस्तोक या सोव्हिएत बंदराला जात, आणि जपान अधूनमधून अडवणूक करूनही बहुतेकांना जाऊ देई. सोव्हिएत संघाला मिळालेल्या अमेरिकी मदतीपैकी जवळपास निम्मा माल या वाटेने गेला. अट एवढीच की त्यात शस्त्रास्त्रे नसावीत. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथील मित्रराष्ट्रांच्या परिषदेत स्टालिनने जर्मनीच्या शरणागतीनंतर दोन-तीन महिन्यांत जपानविरुद्ध उतरण्याचे कबूल केले आणि दक्षिण साखालिन व कुरिल बेटे मागून घेतली. जर्मनी ८ मे रोजी शरण आला आणि सोव्हिएत घोषणा ८ ऑगस्टला झाली.

मदतीचा हिशेब एकाच वहीत मांडणे

अमेरिकेने १९४० मध्ये ब्रिटनला ५० जुन्या विनाशिका (युद्धनौका) दिल्या आणि नाविक व हवाई तळांसाठी ९९ वर्षांचे भाडेपट्टे घेतले. हा सरळ व्यवहार होता. मित्रदेशांना युद्धसामग्री पुरवण्याच्या १९४१ च्या लेंड-लीज कायद्याखाली युद्धात खर्ची पडलेल्या मालाची किंमत मात्र पुढे मागितली गेली नाही. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण येताच ही योजना तडकाफडकी बंद झाली आणि ब्रिटनला दोन टक्के व्याजाने ३.७५ अब्ज डॉलरचे कर्ज काढावे लागले, ज्याचा शेवटचा हप्ता डिसेंबर २००६ मध्ये फिटला. तीनही व्यवहार एकाच मित्राचे होते.

‘विश्वासघात’ या शब्दावर निबंध संपवणे

फिनलंडने १९४४ मध्ये जर्मनीची साथ सोडली, याला पुष्कळजण विश्वासघात म्हणतात. त्या जूनमध्ये सोव्हिएत हल्ल्यापुढे फिनलंड टेकीला आला होता आणि शस्त्रे-धान्याच्या बदल्यात जर्मनीला वेगळा तह न करण्याचे वचन हवे होते. राष्ट्राध्यक्ष रिती यांनी ते २६ जूनच्या पत्राने दिले, पण स्वतःच्या नावे, संसदेची संमती न घेता. १ ऑगस्टला त्यांनी राजीनामा दिला, सरसेनापती मानरहाइम राष्ट्राध्यक्ष झाले, आणि हे वचन आधीच्या अध्यक्षांचे व्यक्तिगत असल्याने आपल्यावर बंधनकारक नाही, असे नव्या सरकारने जर्मनीला कळवले. १९ सप्टेंबरला मॉस्कोत युद्धबंदी झाली. तिच्या अटींनुसार युद्धाची जबाबदारी निश्चित करणारा खटला भरला, आणि १९४६ मध्ये रिती यांना दहा वर्षांची शिक्षा झाली.