पावसाळ्यातल्या मुंग्या: रांग पुसण्याआधी ती कुठून येते ते बघा

मृगाचा पाऊस जोर धरतो, अंगणातल्या बिळांत पाणी भरतं आणि मुंग्या अंडी-पिल्लं तोंडात धरून कोरडी जागा शोधत निघतात. जांभ्याच्या चिऱ्यांमधले सांधे आणि चौकटीमागची फट त्यांना आयतीच मिळते. एरवी त्या येतात खाण्यासाठी. एखादी मुंगी फडताळातल्या आंबापोळीपर्यंत पोचली, की परतताना पोट जमिनीला टेकवत वासाची रेघ ओढत जाते. मागून येणाऱ्या तीच रेघ पक्की करतात. त्यामुळे मुंग्या नुसत्या झाडल्या तर तासाभरात रांग पुन्हा लागते.

फवारा मारू नका. समोरच्या मरतात, राणी बिळात सुखरूप राहते. काही बारीक पिवळ्या मुंग्यांची तर वसाहतच फुटते आणि एकीच्या चार रांगा होतात. आधी रांगेमागे जाऊन ती भिंतीत कुठे शिरते ते शोधा, पेन्सिलीने खूण करा.

मग आमिष. 200 मिली कोमट पाण्यात चहाचे 4 चमचे साखर आणि अर्धा चमचा, म्हणजे साधारण 2 ग्रॅम, टाकणखार (बोरॅक्स) विरघळवा. कापसाचा बोळा भिजवून बाटलीच्या झाकणात रांगेलगत ठेवा. टाकणखार जास्त झाला तर मुंग्या वाटेतच मरतात, बिळापर्यंत काही पोचत नाही. पहिल्या दिवशी गर्दी वाढते, ती वाढू द्या. बोळा सुकला की बदला. एक-दोन आठवडे धीर धरावा लागतो. साखरेला तोंड लावत नसतील तर सुक्या जवळ्याच्या ओलसर चुऱ्यात चिमूटभर टाकणखार मिसळून बघा. पोरं, कुत्री-मांजरं पोचतील तिथे मात्र हे ठेवायचं नाही.

रांग थांबल्यावरच साबणाच्या पाण्याने वाट पुसा आणि फट बुजवा; आधी बुजवलीत तर त्या शेजारच्या सांध्यातून निघतील. 1 भाग सिमेंट, 4 भाग वाळू. चिरा आधी भिजवून घ्या, नाहीतर तो मालातलं पाणी शोषतो आणि भरलेलं तडकतं.

फडताळाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, पाण्यात थोडा साबण टाका म्हणजे मुंग्या तरंगत पार होत नाहीत. डास होऊ नयेत म्हणून पाणी दर तीन दिवसांनी बदला. फडताळ भिंतीला टेकलेलं असेल तर वाट्यांचा काही उपयोग नाही. कौलांना टेकणाऱ्या आंब्या-फणसाच्या फांद्याही छाटा.

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले किडे जमले तर नीट निरखा. कंबर बारीक नसेल आणि चारही पंख सारख्या लांबीचे असतील तर ती वाळवी. तिच्यावर हे गोड पाणी चालत नाही. वासे आणि चौकटी ठोकून कुठे पोकळ आवाज येतो का ते बघा.