एअर पिस्तुलाचा ट्रिगर हलका करताना

आधी नळीत छर्रा नाही याची खात्री करा. स्पर्धेत दहा मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा लागतो, म्हणजे तो सुटायला निदान एवढा भार लागायला हवा. वजन कमी करायचं ते स्प्रिंगच्या स्क्रूने, एका वेळी पाव फेरा, दरवेळी मोजून. ट्रिगर दोन टप्प्यांत दाबला जातो: पहिल्यावर साधारण ३५० ते ४०० ग्रॅम ठेवा, उरलेलं दुसऱ्यावर, जिथे छर्रा सुटतो. पहिला टप्पा संपतो तिथे बोट ठाम टेकतं.

सिअरची (ट्रिगर दाबेपर्यंत यंत्रणा अडवून धरणाऱ्या खिटीची) पकड कमी करून हलकेपणा मिळवू नका. पकड अपुरी राहिली की नुसत्या धक्क्यानेही छर्रा सुटतो.

मोजताना पिस्तूल कॉक केलेलं (झाडायला सज्ज), नळी सरळ वर, वजन ट्रिगरच्या मधोमध टांगलेलं. बरोब्बर ५०० वर थांबू नका, ५१० ते ५२० ठेवा; स्क्रू किंचित हलला तरी स्पर्धेच्या तपासणीत ५०० ग्रॅमचं वजन ट्रिगर न सुटता उचललं जातं.