घरासाठी पहिली बंदूक घेताना

विचारायला येणाऱ्याला मी आधी एकच विचारतो: घरात ती आणखी कोण हाताळणार? माप त्यांच्यातल्या सगळ्यात लहान हाताचं घ्यावं. पिस्तूल उचललं की चेंबर, म्हणजे गोळी बसते तो कप्पा, रिकामं आहे ना, ते स्वतः बघा, दुकानदाराने आत्ताच दाखवलं असलं तरी. मग दस्ता मुठीत धरा. तर्जनीचं टोकाचं पेर न ताणता चापावर यायला हवं. बोट ताणावं लागलं की नेम सरकतोच.

रिव्हॉल्व्हर समजायला सोपं, पण डबल ॲक्शनचा, म्हणजे एकाच दाबात घोडा मागे नेऊन सोडणारा, चाप जड. बोटांत जोर नसेल तर मध्यम आकाराचं पिस्तूल बरं, मात्र स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे खेचता येते का ते पाहा. खिशात मावणारं इवलंसं नकोच, ते हातात फार उसळतं.

लांब बंदुकीत जो तो बारा बोर सांगतो (बोर म्हणजे नळीचं माप; आकडा मोठा तितकी नळी बारीक). मला वीस बोर पटते: धक्का कमी, त्यामुळे माणूस सराव टाळत नाही. गोळी काय, मोठे छर्रे काय, पातळ भिंतीच्या पार जातात. पलीकडे मुलं झोपतात का?

परवाना, प्रशिक्षण, कानाचे मफ, लॉकर यांचे पैसे आधी बाजूला काढा, उरलेल्यात बंदूक बसवा. लॉकर परवडत नसेल तर खरेदी पुढे ढकला.