रोपं वाफ्यात लावली की माना टाकायची, त्यावर सापडलेला उपाय

कोथरूडच्या आमच्या गॅलरीत टोमॅटो-वांग्याची रोपं जोमात यायची, पण गच्चीवरच्या वाफ्यात लावली की माना टाकायची. सावलीतल्या कोवळ्या पानांना एकदम ऊन-वारा लागला की मुळं ओढतील त्याहून जास्त पाणी उडून जातं.

म्हणून रोपं आधी कणखर केली. चार-पाच पानं आल्यावर ट्रे फक्त सकाळच्या उन्हात ठेवला, रोज थोडा वेळ वाढवत आठवड्याभरात दिवसभर बाहेर. पाणीही जरा हात राखून. लावणी संध्याकाळीच, मातीच्या गड्ड्यासकट. टोमॅटोचं खोड खालच्या पानांपर्यंत गाडलं, तिथूनही मुळं फुटतात. वांग्याचं मात्र ट्रेमध्ये होतं तेवढंच गाडलं. पुण्यातलं ऑक्टोबरचं ऊन फार कडक, त्यामुळे सुरुवातीला वर हिरवी शेडनेट हवीच. यंदा रोपं तगली, मिरचीचीसुद्धा!